एकोणिसावी हंडी

१

शुक्रवारी सूर्य पश्चिमेच्या भिंतीवर टेकायच्या आत सगळ्या हंड्या भट्टीत जायला हव्यात, हा एकच कायदा एस्त्रेयाला ठाऊक होता आणि तो ती पाशाच्या फर्मानासारखा पाळायची. शब्बाथला विस्तवाला हात लावायचा नाही. म्हणून शनिवारचं जेवण आदल्या दिवशीच भट्टीत शिरायचं आणि रात्रभर निखाऱ्यांच्या धगीवर मुरत राहायचं. गहू, हरभरे, परवडलं तर मांसाचा तुकडा, आणि सालीसकट ठेवलेली अंडी. ही अंडी सकाळपर्यंत आतून-बाहेरून बदामी होत.

जेरुसलेमच्या तटाबाहेर, जाफा दरवाजापासून वीस मिनिटांच्या चालीवर हा चौक होता. अठरा दारं, अठरा बिऱ्हाडं, अठरा हंड्या. सहा वर्षांपूर्वी नवरा वारला तेव्हापासून भट्टी एस्त्रेयाकडे आली, आणि आता तिला हंड्या माणसांसारख्या तोंडावरून ओळखू यायच्या. फाटकाजवळच्या सुलतानाची पोचे पडलेली, हाखाम शेल्तिएल यांच्या घरची कल्हईची, कोपऱ्यातल्या तेल्याची काळीकुट्ट.

"तिया, माझी जरा पुढे ठेव गं," सुलताना म्हणाली. सगळा चौक एस्त्रेयाला तिया म्हणे, म्हणजे मावशी. "मागच्या खेपेला तळाला लागलं."

"पाणी कमी घातलंस, म्हणून लागलं. टाकं तुझ्या बापाचं असल्यासारखी जपतेस पाणी."

"बापाचं असतं तर पहिली बादली तुझ्या अंगावर ओतली असती. धुराचा वास बघ किती येतोय."

बायका हसल्या. एस्त्रेयाही हसली आणि तिनं सुलतानाची हंडी मुद्दाम मागे सारली.

स्वतःची हंडी ती नेहमी सर्वांत आधी, अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवायची. मग बाकीच्या. मग तोंडावर लोखंडी पत्रा आणि पत्र्यावर ओलं पोतं. हा क्रम सहा वर्षांत बदलला नव्हता.

मांडवांचा सण उलटून गेल्यानंतरचा तो पहिला शनिवार. प्रार्थना सुटली, पत्रा सरला, वाफेचा लोट चौकभर पसरला, आणि ज्यानं त्यानं आपापली हंडी कापडात धरून नेली. शेवटी एस्त्रेयानं लांब दांड्याच्या फावड्यानं स्वतःची ओढली. तिच्यामागे आणखी एक हंडी होती.

लहानशी, तांब्याची. झाकण निळ्या कापडाच्या चिंधीनं बांधलेलं.

कुणीतरी विसरलं असेल, हा पहिला विचार. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. माझी हंडी भिंतीला टेकलेली होती. तिच्यामागे जागाच नव्हती.

तिनं हात पुढे केला आणि सवयीनं मागे घेतला, चटका बसेल म्हणून. मग एका बोटानं स्पर्श केला. हंडी गार होती. नुसती कोमट किंवा निवलेली नाही, पहाटे टाक्यातून काढलेल्या बादलीसारखी गार, आणि झाकणावर बारीक दव साचलेलं.

भट्टीशेजारच्या कट्ट्यावर ती ठेवून एस्त्रेया जेवायला गेली. संध्याकाळी आली तेव्हा कट्टा रिकामा होता.

२

पुढच्या शुक्रवारी तिनं कुणाला भट्टीपाशी फिरकू दिलं नाही. हंड्या दारातच घेतल्या, स्वतः आत सारल्या, एकेक करून नावानिशी मोजल्या. अठरा. पत्रा लावला, पोतं टाकलं, आणि शब्बाथच्या वाती लावायची वेळ होईस्तोवर समोर बसून राहिली. भट्टीला दुसरं तोंड नव्हतं. बुधवारी, राख गार असताना, तिनं खांद्यापर्यंत हात घालून तिन्ही भिंती चाचपल्या होत्या. काजळी आणि दगड, बाकी काही नाही.

शनिवारी एकोणीस निघाल्या.

"तुझी मोजणी चुकते," सुलताना म्हणाली. "वय झालं तिया. काल मला दोनदा सलाम केलास."

"एकदा तुला केला, एकदा तुझ्या जिभेला. ती वेगळीच राहते."

पण सुलतानानं वाकून हंडीला हात लावला आणि पुढचा टोमणा तिच्या ओठांवरच राहिला. तिनं हात परकरात गुंडाळला. "कुणीतरी गरीब असेल," ती म्हणाली. "लाजत असेल बिचारं." आणि स्वतःची हंडी उचलून, मागे न बघता निघून गेली.

एस्त्रेयानं दारोदार विचारलं. कुणाचीच नव्हती. शेवटी ती हाखाम शेल्तिएल यांच्याकडे गेली. चौकाचे धर्मगुरू आणि पंच म्हणजे तेच. एका पायानं लंगडे, तोंडात सदा बडीशेप. चौकाची वही त्यांच्याकडे असे: कोण कधी राहायला आलं, कुणाला कुठली खोली, कोण मेलं, कोण गेलं.

"झाकण कशानं बांधलंय?" त्यांनी विचारलं.

"निळ्या चिंधीनं."

हाखामांचं चघळणं थांबलं.

"उघडलीस?"

"नाही."

"उघडू नकोस. पुन्हा आली तर फाटकाबाहेर ठेव, रस्त्याच्या कडेला. कुणी वाटसरू नेईल."

घरी येताना एस्त्रेयाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ती कुणाची असेल, हे हाखामांनी विचारलंच नव्हतं.

३

तिची मुलगी रेयना त्या महिन्यात माहेरी आलेली. सातवा लागला होता. नवरा कामासाठी अलेक्झांड्रियाला गेला होता, आणि सासूचं न् तिचं दोन दिवसही धड पटत नसे. रेयना मोकळ्या स्वभावाची, कुणालाही नाही म्हणता न येणारी. एस्त्रेयाला तिची हीच काळजी वाटे.

एस्त्रेयाची खोली भट्टीला लागून. मधली भिंत हिवाळ्यात ऊबदार राहायची, म्हणून मुलीची गादी तिनं तिथंच घातली. सोमवारी दुपारी दोघी तांदूळ निवडत होत्या, तेव्हा भिंतीतून आवाज आला. ताटलीच्या तळावर चमचा फिरवावा तसा. थांबून थांबून, संपत आलेलं खरवडावं तसा.

"उंदीर," एस्त्रेया म्हणाली.

"उंदीर चमच्यानं जेवतो होय?" रेयना हसली.

"दगड तापतात, निवतात. आवाज येतो."

पण भट्टी दोन दिवस पेटलेली नव्हती. हे एस्त्रेयाला माहीत होतं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे कुणीतरी ताटल्या एकावर एक रचल्या. चार ताटल्या. तिनं मोजायचं नाही असं ठरवूनही मोजल्या.

तिसऱ्या शनिवारी हंडी निघाली तशी तिनं ती दोन बोटांनी उचलून फाटकाबाहेर नेली. मोरीच्या दगडावर ठेवली आणि परत फिरली. जाऊन यायला लागला असेल एक लहानसं स्तोत्र म्हणायला लागतो तेवढा वेळ. खोलीत आली तर रेयना उंबऱ्यात बसून अंडं खात होती.

पांढरं अंडं. त्या दिवशी अख्ख्या चौकात एकही अंडं पांढरं असायला नको होतं.

"कुणी दिलं?"

"शेजारणीनं."

"कुठल्या?"

"पलीकडच्या." रेयनानं भिंतीकडे मान हलवली, जशी सुलतानाच्या घराकडे हलवली असती. "ती कादेन. चांगली आहे गं. पण परकर ओला होता तिचा, मुलांचे कपडेही. मी म्हटलं वाळत घाला उन्हात, तर नुसती हसली."

एस्त्रेया भिंतीला टेकली. कादेन हे नाव तिनं दहा वर्षांत उच्चारलं नव्हतं. रेयना तेव्हा आठ वर्षांची होती. लहानपणीचं काहीतरी आठवत असेल. नाव कानावर पडलं असेल, स्वप्नात आलं असेल, दिवस गेलेल्या बायकांना काय काय भास होतात. तिनं मनाशी हे सगळं नीट रचलं. मग अंड्याचा उरलेला तुकडा मुलीच्या हातातून काढून घेतला. तो इतका गार होता की बोटाला चिकटला.

"काय म्हणाली ती?"

"तुझी चौकशी करत होती. आई अजून आली नाही म्हणाली." रेयनानं ओठ पुसले. तिचे ओठ निळसर दिसत होते. "पुढच्या शब्बाथला जेवायला बोलावलंय. मी येते म्हटलं."

"तू जायचं नाहीस."

"शब्द दिलाय आई. शेजारधर्म आहे."

४

हाखामांच्या खोलीत त्यांनी दार लावून घेतलं. वही पुढ्यात होती, पण उघडली नाही.

"सांगा ना," एस्त्रेया म्हणाली.

"मी काय सांगू? तुला माझ्याइतकंच माहीत आहे."

ते खरं होतं. माहीत होतं, पण त्याकडे बघायचं नाही ही सवय तिनं स्वतःला लावली होती. चौकाच्या भिंती निम्म्या उभ्या राहिल्या तेव्हा जुन्या शहरातल्या कोंदट गल्ल्या सोडून इथं येऊन राहायची कुणाची छाती होत नव्हती. रात्री कोल्हे, दिवसा लुटारू, आणि सूर्य मावळला की शहराचे दरवाजे बंद, म्हणजे परत जायची वाट नाही. समाजाच्या मंडळानं चिठ्ठ्या टाकल्या. एकोणीस खोल्या, एकोणीस चिठ्ठ्या. पहिली दोन बिऱ्हाडं लगेच जावीत असं ठरलं, दोन दिवे दिसले की बाकीच्यांना धीर येईल म्हणून. पहिली चिठ्ठी मेर्कादो आणि त्याची बायको कादेन यांची, दोन मुलं पदरात. दुसरी एस्त्रेयाच्या नवऱ्याची. शेजारशेजारच्या खोल्या.

मेर्कादोचं बिऱ्हाड रविवारी गेलं. कादेननं गाढवावर गाठोडी चढवताना विचारलं होतं, "कधी येतेस?" आणि एस्त्रेया म्हणाली होती, "पुढच्या शब्बाथला आपण एकत्र जेवू."

"रेयनाला खोकला होता," एस्त्रेया आता म्हणाली.

"हो."

"त्याच्या पुढच्या आठवड्यात पाऊस होता."

"मी तुला विचारलं का काही?"

"नवरा निघाला होता. मीच अडून बसले. म्हटलं, आधी आणखी चार घरं जाऊ देत. कोल्ह्यांच्या तोंडी मी माझी पोर देणार नाही."

हाखामांनी मान खाली घातली. "सगळ्यांनीच म्हटलं. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत राहिला. मीसुद्धा."

मग बर्फ पडला. तीन आठवडे वाट बंद. बर्फ वितळल्यावर पुरुष गेले तेव्हा दार उघडं होतं. काही मोडलेलं नव्हतं, काही चोरीला गेलं नव्हतं. माणसं नव्हती. गवंड्यांच्या फळ्या दगडांवर टाकून मेज केलं होतं आणि त्यावर ताटं मांडलेली. किती ताटं, ते गेलेल्यांपैकी कुणीही कधी सांगितलं नाही. एस्त्रेयाचा नवरा त्यांत होता. तो त्या दिवशी घरी आल्यावर जेवला नाही, एवढंच तिला आठवत होतं.

"वहीत काय लिहिलंत?"

"हेब्रोनला गेले, असं लिहिलं."

"आणि त्यांची खोली?"

"ती कोण घेणार? भिंत पाडली, छप्पर उतरवलं. भट्टीला जागा हवीच होती." बोलताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "शुक्रवारी सकाळी रेयनाला माझ्या बहिणीकडे पाठव. शहरात, तटाच्या आत. शब्बाथ उलटला की आण. ही तीन-चार महिन्यांची गोष्ट आहे, मूल झालं की ती सासरी जाईल."

"आणि माझं?"

"तुला कुणी बोलावलंय?"

एस्त्रेया उठली. तिला दहा वर्षांपूर्वीच बोलावलं होतं.

५

शुक्रवारी सकाळी रेयना गाढवावर बसून गेली. रुसून गेली. "मी काय लहान आहे, मला कोंडून ठेवायला?" असं म्हणत फाटकातून वळली तेव्हा एस्त्रेयाला जरा मोकळं वाटलं. दुपारी हंड्या घेताना सुलतानाशी भांडायचीही उमेद आली. अठरा हंड्या. पत्रा. पोतं.

शनिवारी लख्ख ऊन होतं. प्रार्थना सुटली आणि पत्रा सरला. तेल्याची गेली, हाखामांची गेली, सुलतानाची गेली. शेवटची हंडी एस्त्रेयाची. तिच्यामागे तिनं फावडं घालून खडखड फिरवलं. दगड. नुसता दगड.

तिच्या जिवात जीव आला. हाखाम लांबून बघत होते. तिनं मान हलवली, नाही अशी, आणि म्हातारा चक्क हसला.

मग सगळे घरोघर जेवायला बसले. शनिवारी दुपारी हा चौक रिकामा पडतो. दारं लोटलेली, आतून चमच्यांचा, लहान मुलांचा, आशीर्वाद म्हणणाऱ्या पुरुषांचा आवाज. एस्त्रेया हंडी घेऊन आपल्या खोलीत आली. झाकण उघडलं. गहू फुलले होते, अंडी बदामी झाली होती, वाफ तोंडावर आली. सगळं जसं असावं तसं. तिनं एकटीचं ताट वाढलं, हात धुतले आणि घास घेणार तोच भिंतीपलीकडून कुणीतरी हसलं.

तो रेयनाचा आवाज होता.

एस्त्रेया हात तसाच धरून बसली. रेयना शहरात आहे. हाखामांच्या बहिणीच्या घरी, दोन जिने चढून, रस्त्याकडे खिडकी नसलेल्या खोलीत. हा दुसऱ्या कुणाचा आवाज आहे. एका वयाच्या सगळ्या मुली सारख्याच हसतात.

"अहो नको, एवढं कोण खाणार," भिंतीपलीकडे रेयना म्हणाली. "आई येईलच. ती उशिरा येते, पण येते."

वीस मिनिटांची वाट. शब्बाथलाही चालून येता येईल एवढी जवळ. आणि ही पोर दिलेला शब्द मोडणारी नव्हती, हे कुणाला माहीत नसलं तरी आईला माहीत होतं.

ती बाहेर आली.

६

तिच्या दाराच्या आणि भट्टीच्या मध्ये एक दार होतं.

नवं नव्हतं. रंग उडालेलं, खालच्या कडेला पाण्यानं फुगलेलं, वापरातलं दार. अर्धवट लोटलेलं. ऊन चौकभर सांडलं होतं, पण त्या दारासमोरच्या दगडांवर पडत नव्हतं. ते दगड ओले होते.

सुलतानाला हाक मारावी असं तिला वाटलं. मग वाटलं, सुलताना आली तर तीही बघेल, आणि बघितलं की त्यांच्या मोजणीत येईल. तिनं हाक मारली नाही.

आत शिरू नये, हे सांगणारं मन अजून शाबूत होतं. ती रेयना नसेल, तर आत जायचं कारणच नाही. आणि असेल तर? या एका प्रश्नापुढे बाकीचं सगळं शहाणपण फिकं पडलं. मागच्या वेळी शहाणपण करूनच ती घरी बसली होती. तिनं दार ढकललं.

आत उजेड होता, पण कुठून येत होता ते कळेना. फळ्यांचं मेज. मेजाच्या अलीकडच्या टोकाला रेयना, पोटावर हात ठेवून, समोर ताट. पलीकडे दोन लहान पाठी एकमेकींना टेकलेल्या. एक रुंद पाठ, तिच्यावर पुरुषी अंगरखा, खांद्यावर पांढरं काहीतरी साचलेलं. कोपऱ्यात एक बाई चुलीपुढे वाकून फुंकर घालत होती. चुलीत विस्तव नव्हता. तरी ती फुंकत होती, थांबत होती, पुन्हा फुंकत होती. तिच्या परकराच्या कडेची एक पट्टी फाडून घेतलेली होती. परकर निळा होता.

कुणीच वळून बघितलं नाही.

"आलीस?" रेयना म्हणाली. ती झोपेतून बोलल्यासारखी बोलत होती. "मी म्हटलंच होतं यांना."

"खाल्लंस काही?"

"आत्ता बसले गं."

"ऊठ. घरी जा."

"पण मी शब्द—"

"शब्द माझा होता. ऊठ."

लहानपणी खोकला आला की पाजायच्या काढ्यासाठी उठायची तशी रेयना निमूट उठली. एस्त्रेयानं तिला दंडाला धरलं, दारापर्यंत नेलं आणि पाठीवर हात ठेवून बाहेर लोटलं. हाताला त्या पाठीची ऊब लागली. रेयना उन्हात दोन पावलं चालली, डोळ्यांवर हात धरून. समोरून सुलताना ताटली घेऊन दारात आली होती. तिचं बोलणं एस्त्रेयाला स्पष्ट ऐकू आलं, "अगं, तू केव्हा आलीस? आणि अशी काय गारठलीस, ये, माझ्याकडे ये आधी." सुलतानानं स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली. एकीनं दुसरीला आत घेतलं. ते दार बंद झालं.

एस्त्रेया त्यांच्यामागे निघाली. उंबऱ्याशी पोचली आणि थांबली.

बाहेरचं ऊन पिवळं होतं, ते पांढरं होत गेलं. तिला वाटलं डोळ्यांपुढे अंधारी आली. मग दिसलं की सुलतानाचं दार नाही. फाटक नाही, टाकं नाही. कंबरेइतक्या उंचीच्या अर्ध्या भिंती, त्यांच्यावर बर्फ, आणि बर्फापलीकडे दूरवर शहराचा तट, त्याचे सगळे दरवाजे बंद. बर्फावर पावलांचा एकही ठसा नव्हता. तिच्या मुलीचाही नाही.

एवढ्यानं तरी तिचं समाधान झालं. रेयना इथून बाहेर पडली होती.

मागे फुंकर घालण्याचा आवाज थांबला. ओला परकर जमिनीवरून ओढला गेला आणि कुणीतरी तिच्या अगदी पाठीशी येऊन उभं राहिलं. एस्त्रेयानं मान वळवली नाही. नजर खाली ठेवून ती मेजाकडे फिरली, आणि तेव्हा तिला दिसलं की फळ्या तिला वाटल्या तेवढ्या आखूड नव्हत्या. त्या समोरच्या भिंतीपर्यंत जात होत्या आणि भिंत असायला हवी तिथूनही पुढे, उजेड पोचत नव्हता तिथवर. दोन्ही बाजूंनी ताटं मांडलेली. घराघराला पुरतील एवढी.

"बस ना, एस्त्रेया," कादेन म्हणाली. आवाजात राग नव्हता. होता तो फक्त थकवा, आणि त्याच्या तळाशी आनंदासारखं काहीतरी. "मी मुलांना रोज सांगायचे, एक घर आलं की बाकीच्यांना धीर येतो. आता येतील सगळे."